वाचलो खरा, पण कशासाठी?

उन्हाळा लागला की आपल्याकडे पत्रं ठरलेली असतात, कूलरच्या पाण्यावरून शेजाऱ्याशी भांडण, लग्नसराईतला आहेर, सासूबाईंचं लोणचं. या वेळी मात्र गठ्ठ्यात तीन पत्रं अशी निघाली की मी चहा बाजूला ठेवला. तिघांची वयं वेगळी, मोहल्ले वेगळे, पण तिघंही फिरून फिरून एकाच गोष्टीपाशी येऊन राहिलेत, की आपण जिवंत आहोत याचं करायचं काय. म्हणून बाकीचा गठ्ठा पुढच्या अंकासाठी ठेवला आहे, लोणचंवाल्या ताईंनी रागवू नये.

प्रश्न : ताई नमस्कार. मी मानेवाड्याकडे राहतो, वय ४६, टाइल्स बसवायचे ठेके घेतो. मागच्या डिसेंबरात पहाटे छातीत जळजळायला लागलं, आदल्या रात्री सावजी झालं होतं म्हणून मी ॲसिडिटी समजून पडून राहिलो, पण बायकोनं काही ऐकलं नाही, शेजारच्यांना उठवून त्यांची गाडी काढायला लावली आणि सरळ दवाखान्यात नेलं. अटॅक निघाला. लगेच अँजिओप्लास्टी, एक स्टेंट. डॉक्टर म्हणाले अजून तासभर उशीर केला असता तर कठीण होतं. आयसीयूत बाजूच्या बेडवर भंडाऱ्याकडचे एक काका होते, रात्री आम्ही थोडं बोललो, धानाला भाव नाही वगैरे, त्यांच्या मुलानं फोनसाठी माझा चार्जर घेतला होता. सकाळी डोळे उघडले तर बेड रिकामा. चादरपण बदलली होती.

घरी आल्यावर पहिले काही महिने काय सांगू, सगळं नवीनच दिसायचं. अंबाझरीला फिरायला जायचो, पाण्यावर ऊन पडलेलं पाहून रडू यायचं. पोह्यांच्या ठेल्यावर तर्रीनं भरलेला गंज दिसला तरी डोळे भरायचे, खायची परवानगी नाही तरी. सगळे म्हणतात देवानं दुसरा जन्म दिला, तुझ्याकडून काहीतरी काम करून घ्यायचं असेल. मी विचार करून करून थकलो, कोणतं काम? मी टाइल्स बसवतो हो. आणि आता तर ते रडू येणंही बंद झालं, परत सिग्नलवर हॉर्न मारून राहिलो, मजुरांवर ओरडून राहिलो, पोरीच्या मार्कांवरून घरात कटकट. एवढं होऊनही मी तसाच्या तसा. ते काका गेले आणि मी राहिलो याला काही अर्थ आहे की नाही? आभार मानायचे तर कोणाचे? का मी कृतघ्नच माणूस आहे?

उत्तर : दादा, आधी एक सांगा, गोळ्या चालू आहेत ना? स्टेंट टाकल्यावर ज्या रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या देतात त्या "आता बरं वाटतंय" म्हणून मनानं बंद करणारे बरेच असतात आणि तिथेच घात होतो, त्यामुळे अर्थ-बिर्थ नंतर, डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी बंद करायची नाही. आणि अटॅकनंतर मन खाली बसणं, चिडचिड वाढणं हे खूप जणांना होतं, पुढच्या फॉलोअपला हेही मोकळेपणी सांगा, फक्त बीपी मोजून घरी येऊ नका.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. "काम करून घ्यायचं असेल म्हणून वाचवलं" हे लोक प्रेमानंच म्हणतात, मला मान्य आहे, पण हेच वाक्य तुम्हाला भंडाऱ्याच्या त्या काकांच्या मुलासमोर म्हणता येईल का? म्हणजे त्यांच्याकडून काही करून घ्यायचं शिल्लक नव्हतं असं? जीभ रेटणार नाही. जे बाजूच्या बेडवाल्याच्या घरी बोलता येत नाही ते आपल्या घरीही जरा जपूनच खरं मानावं, असं माझं मत आहे, पटलं तर घ्या.

एका माणसाची गोष्ट सांगते. आंद्रेआस ग्रुंट्झिग नावाचा डॉक्टर होता, जन्मानं जर्मन, काम स्वित्झर्लंडमध्ये झुरिकला. त्याच्या डोक्यात असं की हृदयाच्या रक्तवाहिनीत अडथळा आहे तर छाती फाडायची कशाला, बारीक नळीच्या टोकाला चिमुकला फुगा लावून आतूनच तो अडथळा दाबून रस्ता मोकळा करू. लोकांना हे येडेपणाचं वाटायचं. या गड्यानं ते फुगे घरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून बनवले, बायको मदतीला, एक सहायक बाई आणि तिचा नवरा, रात्री-बेरात्री प्लास्टिकच्या नळ्या, चिकटवायचं सामान, आणि पसारा काय असेल विचार करा, माझ्या ओट्यावर कोणी असं केलं असतं तर मी हाकललं असतं. १६ सप्टेंबर १९७७ ला त्यानं पहिल्यांदा शुद्धीवर असलेल्या माणसाच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत तो फुगा फुगवला आणि रस्ता उघडला, हीच तुमची अँजिओप्लास्टी. पुढे १९८६ मध्ये फुग्यासोबत बारीक जाळी आत ठेवून द्यायची पद्धत निघाली, तोच तुमचा स्टेंट. आपल्याकडे तो कितीतरी वर्षं लाखाच्या वर बिल लावून टाकायचे, फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारनं किमतीला कमाल मर्यादा घातली तेव्हा औषधाचा लेप असलेला स्टेंट साधारण तीस हजारांच्या आत आला. तुमचं बिल काढून बघा एकदा, त्यात ही सगळी हिस्ट्री एका ओळीत लिहिलेली असेल.

ही गोष्ट मी का सांगून राहिले तर पुढे ऐका. ऑक्टोबर १९८५ मध्ये हा ग्रुंट्झिग अमेरिकेत स्वतःचं छोटं विमान चालवत जात होता आणि विमान कोसळलं, सोबत दुसरी बायको होती, दोघंही गेले. तेव्हा त्याचं वय ४६.

तुमच्याएवढंच. आता सांगा, "काम करून घ्यायचं असेल" हा हिशोब कुठे बसतो? जगात कोणाकडून अजून काम करून घ्यायचं शिल्लक होतं तर त्या माणसाकडून होतं, तो तर स्टेंट यायच्या आधीच गेला. म्हणून मी म्हणते की तुम्ही का वाचलात याचं वर कुठेतरी लिहून ठेवलेलं कारण शोधत बसू नका. कसे वाचलात ते मात्र अगदी नीट सांगता येतं, बायकोनं ॲसिडिटीवर विश्वास ठेवला नाही, शेजारी पहाटे उठला, गाडी स्टार्ट झाली, त्या वेळी कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओप्लास्टी करतात त्या खोलीत, लोक हजर होते, आणि तिकडे झुरिकला एका बाईनं आपल्या डायनिंग टेबलाचा पसारा सहन केला. आभार कोणाचे हा प्रश्न होता ना तुमचा? ही घ्या माणसं. शेजाऱ्याला नीट बसवून "तुमच्यामुळे वाचलो" असं तोंडानं म्हटलंत का कधी? बायकोला? आपल्याकडे पुरुष हे म्हणायला लाजतात, साडी आणून देतात आणि संपलं. देव मानत असाल तर टेकडीच्या गणपतीला जाऊन या, मी कोण अडवणार, पण येता येता शेजाऱ्याकडे थांबा.

ते रडू येणं बंद झालं म्हणून कृतघ्न वगैरे तर अजिबातच नाही. माणसाचं मन चांगल्याला पण सरावतं आणि वाईटाला पण. १९७८ मध्ये अमेरिकेत मानसशास्त्रवाल्यांनी मोठी लॉटरी लागलेले लोक आणि साधे लोक यांची तुलना केली होती, तर लॉटरीवाले काही फार जास्त सुखी निघाले नाहीत, उलट रोजच्या बारीकसारीक गोष्टींतला त्यांचा आनंद कमी झालेला. तुम्हाला लागली ती लॉटरी त्यांच्यापेक्षा मोठी हे खरं, पण मन तेच. आणि खरं सांगू का, बरंच झालं. रोज तर्रीचा गंज पाहून रडणाऱ्या माणसाला कोण काम देईल? तुम्हाला परत हॉर्न मारावासा वाटतो म्हणजे तुम्ही परत आपल्यात आलात. मजुरांवर ओरडणं मात्र कमी करा, ते तुमच्या हृदयासाठीही बरं नाही आणि त्यांच्यासाठी तर नाहीच नाही.

राहिला अर्थ. तुम्ही नागपूरचे आहात, दीक्षाभूमीच्या सावलीत वाढलेल्या शहरात बुद्धाची गोष्ट मी काय नव्यानं सांगू, तरी ती मालुंक्यपुत्ताची गोष्ट आठवा. हा भिक्खू अडून बसला, की जग शाश्वत आहे का नाही, त्याला अंत आहे का नाही, मेल्यावर काय होतं, हे सांगा नाहीतर मी संघ सोडून चाललो. बुद्ध म्हणाले, समज एखाद्याला विषारी बाण लागला, नातेवाईक वैद्याला घेऊन आले, आणि हा म्हणतो थांबा, आधी सांगा मारणारा कोण होता, कोणत्या जातीचा, उंच का ठेंगणा, काळा का गोरा, धनुष्य कसलं, दोरी कशाची, बाणाला पीस कोणत्या पक्ष्याचं, हे कळल्याशिवाय बाण काढू देणार नाही. कळायच्या आत तो मरेल ना. तुमच्या बायकोनं त्या पहाटे नेमकं हेच ओळखलं, तिनं "ह्यांनाच का, आत्ताच का" असं काही विचारलं नाही, गाडीत बसवलं. घरात एवढं शहाणं माणूस असताना तुम्ही मला पत्र लिहून राहिलेत याची गंमत वाटते.

व्हिक्टर फ्रँकल म्हणून व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ होते, नाझींच्या छळछावण्यांतून जिवंत बाहेर आले, आई-वडील, भाऊ, बायको सगळे गेले. "मीच का वाचलो" हा प्रश्न त्यांच्याएवढा कोणाला पडला असेल! ते म्हणायचे की आपण आयुष्याला अर्थ विचारत बसतो पण विचारणारं आयुष्य असतं, उत्तर आपण द्यायचं, आणि तेही मोठं भाषण करून नाही, समोर आलेलं काम करून. तर तुमच्यासमोर काय आलंय ते पाहू. एक, त्या काकांच्या मुलाचा फोन. चार्जरच्या निमित्तानं नंबर तुमच्याकडे असेलच, लावा. काही समजावायला जाऊ नका, तुमचे बाबा शेवटच्या रात्री माझ्याशी धानाच्या भावाबद्दल बोलत होते एवढंच सांगा. त्या घरातल्या लोकांना ती रात्र माहीत नाही, ती फक्त तुमच्याकडे आहे. दुसरं, सीपीआर, म्हणजे हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबणं, शिकून घ्या आणि तुमच्या मजुरांनाही शिकवा, छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसाला किमान पाच सेंटीमीटर खोल दाबायचं असतं, हे वाचून येत नाही, पुतळ्यावर करून पाहावं लागतं, आणि १०८ ला फोन दुसऱ्यानं लगेच लावायचा. साइटवर कधी कोणाला काय होईल सांगता येत नाही.

आणि ते "मी टाइल्स बसवतो हो" असं कमीपणा घेऊन कशाला लिहिलं? बाथरूमचा उतार जाळीकडे नीट काढणारा एक माणूस मला नागपुरात अजून मिळायचा आहे, माझ्याकडे पाणी सगळं दाराकडे येतं.

प्रश्न : ताई, मी २४ वर्षांची, नंदनवनला राहते, एमपीएससीचा अभ्यास करतेय, दोनदा प्रीलिम निघाली पण मेन्स नाही. सकाळी लायब्ररी, रात्री घर. आईचं सारखं चालू असतं की बघ लोकांना खायला नाही, तुला सगळं मिळालं, कधी समाधान म्हणून नाही तुला. इन्स्टावर मैत्रिणी "ग्रेटफुल", "ब्लेस्ड" टाकत असतात. एकीनं सांगितलं म्हणून मीपण डायरी आणली, रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या, चौथ्या पाचव्या दिवशीच तेच तेच लिहायला लागले, आई, चहा, फॅन. मला काही वाटतच नाही. उलट वाटतं हे सगळं कशासाठी चाललंय. माझ्यात काही प्रॉब्लेम आहे का?

उत्तर : फॅन! एप्रिलमधल्या नागपुरात फॅनबद्दल कृतज्ञ असणं ही काही छोटी गोष्ट नाही बाई, ती ओळ खोडू नकोस.

तुझ्या आईबद्दल आधी. त्या वाईट हेतूनं म्हणत नाहीत, त्यांच्या आईनंही त्यांना हेच ऐकवलं असणार, पण दुसऱ्याच्या ताटात काही नाही हे पाहून आपल्याला बरं वाटावं, ही कसली कृतज्ञता? त्यातून फार तर अपराधी वाटतं, आणि अपराधी वाटणाऱ्या माणसाला चहासुद्धा धड गोड लागत नाही. उद्या तो उपाशी माणूस जेवला तर आपलं समाधान कमी होणार का मग?

डायरीचं असं आहे की ते सगळं खोटं नाही. २००३ मध्ये एमन्स आणि मॅककलो या दोघांनी त्यावर अभ्यास केला होता, काही जणांना चांगल्या गोष्टी लिहायला लावल्या, काहींना वैतागाच्या, आणि चांगलं लिहिणाऱ्यांना एकंदरीत जरा बरं वाटलं असं निघालं. पण पुढे दुसऱ्या एका अभ्यासात असंही दिसलं की आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना नाही. रोज रात्री हजेरी घेतल्यासारखं केलं की सगळ्याच गोष्टी "प्रेझेंट मॅडम" म्हणून बसून जातात. आठवड्यातून एकदा लिही, एकच लिही, पण नीट लिही. "आई" असं नको, मेन्सच्या रिझल्टच्या दिवशी आईनं काही न विचारता काय केलं होतं ते लिही. काहीतरी केलं असेल. नसेल केलं तर तेही लिही.

आणि तक्रारीचं पान वेगळं ठेव. आपलं शहर यात हुशार आहे, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपण काळी आणि पिवळी मारबत काढतो, सोबत बडगे, म्हणजे सगळे पुतळेच, भ्रष्टाचाराचा बडगा, महागाईचा बडगा, त्या वर्षी ज्यानं छळलं त्याचा बडगा, ढोल-ताशे वाजवत, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" ओरडत सगळ्या महालातून मिरवत नेतो आणि जाळून येतो. शंभर वर्षांच्या वर झाली ही मिरवणूक. आधी कटकट मोठ्यानं ओरडून घ्यायची आणि मग घरी येऊन जेवायचं. तूपण वर्षात जे जे नको झालं त्याचा बडगा कागदावर बनव, त्यात परीक्षा घाल, "ब्लेस्ड" वाल्या मैत्रिणी घाल, माझा कॉलम घालायचा असेल तर तोही चालेल.

पण एक गोष्ट मी मस्करीत घेणार नाही. "काही वाटतच नाही" हे तू लिहिलंस ते जर दोन-दोन आठवडे सलग, जवळजवळ रोज असेल, झोप-भूक बिघडली असेल, पूर्वी आवडायचं त्यातही मन लागत नसेल, तर ते कृतघ्नपणाचं लक्षण नाही, ते नैराश्य असू शकतं आणि त्याला डायरी हा इलाज नाही. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीतही बोलतात. आणि जगणं नकोसं वाटायला लागलं तर वाट न बघता त्याच रात्री लाव, आईला उठव. "कशासाठी चाललंय" हा प्रश्न अभ्यास करणाऱ्या पोरीला पडणं साहजिक आहे, दोन वेळा मेन्स हुकल्यावर तर जास्तच, पण त्याचं उत्तर थकलेल्या डोक्यानं रात्री अकरा वाजता काढायचं नसतं. रविवारी लायब्ररी बंद ठेव. फुटाळ्यावर जा, भुट्टा खा, मैत्रिणीला घेऊन जा, पोस्ट टाकू नकोस. पुढच्या महिन्यात मला परत लिही, मी वाट पाहीन.

प्रश्न : माझं वय ७१, महाराष्ट्र शासनातून निवृत्त, राहणार धंतोली. नातू सात वर्षांचा आहे, परवा जेवताना विचारतो, "आजोबा, आपण जन्मलोच नसतो तर?" सून म्हणाली असं अशुभ बोलू नये. मला मात्र त्या रात्री झोप आली नाही. त्याला काय सांगू?

उत्तर : काका, अशुभ काही नाही त्यात, सुनबाईंना माझं नाव सांगा. सात वर्षांच्या पोराला तत्त्वज्ञान नको, गणित द्या. त्याला कागद-पेन्सिल घेऊन बसवा. तुझे आई-बाबा दोन, त्यांचे आई-बाबा चार, मग आठ, मग सोळा, असं दुप्पट करत जायला सांगा, दहाव्या पिढीला १०२४ येतात. अर्थात खेड्यात नात्यातच लग्नं व्हायची, त्यामुळे तीच माणसं दोन-दोन जागी येतात, पण ते त्याला पुढच्या वर्षी सांगा. या सगळ्यांपैकी एक जरी लहानपणी गेला असता तर हा प्रश्न विचारायला तो जेवायला बसलाच नसता.

आणि जायला कारणं कमी नव्हती. आपला हा मध्यप्रांत, १८९६-९७ ला दुष्काळ, परत १८९९-१९०० ला दुष्काळ, मग प्लेग, आणि १९१८ चा तो इन्फ्लुएंझा, ज्यानं देशात एक कोटीच्या वर माणसं नेली, त्यातही मध्यप्रांत-वऱ्हाडला फार मोठा तडाखा बसला. १९२१ ची जनगणना ही भारताची एकच जनगणना आहे जिच्यात लोकसंख्या आधीच्यापेक्षा कमी भरली. तुमच्या आजीची आई त्या वेळी तरणीताठी असणार, आणि ती साथ नेमकी तरण्याताठ्यांनाच जास्त धरायची. ती वाचली. का वाचली, कोणी पाणी पाजलं, कोणी पेज नेऊन दिली, काही माहीत नाही.

नातवाला विचारा तिचं नाव काय असेल. तुम्हाला तरी माहीत आहे का? मी पैज लावते, पणजोबांचं माहीत असेल, पणजीचं नसेल, आपल्या घरांमधून बायकांची नावं दोन पिढ्यांत पुसली जातात आणि कोणाला काही वाटत नाही. तर सुट्टीत नातवाला घेऊन गावी जा, म्हाताऱ्या आत्याबित्या असतील त्यांना विचारा, नाहीच निघालं तर तहसीलला कोतवाल बुकाच्या जुन्या नोंदी असतात, शाई उडालेली, कोपरे खाल्लेले, पण जन्म-मृत्यू लिहिलेले. तुम्ही सरकारी नोकरी केली, तुम्हाला अर्ज कसा करायचा ते मी सांगायला नको. जातीच्या दाखल्यासाठी ती बुकं सगळेच धुंडाळतात, पणजीचं नाव शोधायला आलेला आजोबा आणि सोबत सात वर्षांचा पोरगा पाहून तिथला बाबू काय म्हणतो ते मला जरूर कळवा.